निःशस्त्र सुरक्षा पथकाची सेवा: चौदा महिन्यांच्या अनुभवानंतरचे मत

आमच्या वस्तीत निःशस्त्र सुरक्षा पथकाची सेवा सुरू होऊन चौदा महिने झाले. या काळात मी स्वतः पाच वेळा त्यांना फोन केला, दोन वेळा ते दुसऱ्या कोणाच्या बोलावण्यावरून आमच्याच इमारतीत आले, आणि जाता-येता तर त्यांचे काम जवळजवळ रोजच नजरेस पडते. आसपासच्या वस्त्यांमधील ओळखीची माणसे अलीकडे विचारू लागली आहेत की ही सेवा आपल्याकडेही मागावी का आणि तिचा खरोखर काही उपयोग होतो का. प्रत्येकाला तेच ते सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे, म्हणून हे लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते. सेवा जरूर मागावी. मात्र मागताना कोणत्या गोष्टीचा आग्रह धरायचा हे ठाऊक नसेल, तर नुसती जॅकेट घातलेली माणसे पदरात पडतील आणि तेवढ्याने काही साधणार नाही.

पथक म्हणजे एका वेळी दोन माणसे. त्यांपैकी एक जण घाबरलेल्या, चिडलेल्या किंवा भ्रमात असलेल्या माणसाशी कसे बोलावे याचे प्रशिक्षण घेतलेला कार्यकर्ता असतो आणि दुसऱ्याला प्रथमोपचाराचे पक्के ज्ञान असते. अंगात हिरवे जॅकेट, पाठीवर सॅक, खांद्याला वॉकी-टॉकी. काठी, बेड्या, मिरपुडीचा फवारा यांपैकी काहीही त्यांच्याजवळ नसते. सॅकमध्ये काय असते, असे मी एकदा विचारले तेव्हा त्यांनी ती उघडूनच दाखवली. पाण्याच्या बाटल्या, घट्ट घडी घातलेली दोन ब्लँकेटे, मोज्यांचे जोड, मलमपट्टीचे सामान, सॅनिटरी पॅड आणि नॅलॉक्सोन या अफूजन्य पदार्थांच्या अतिसेवनावरील उताऱ्याचा नाकात मारायचा फवारा, एवढे सामान त्यात होते. त्यांना कोणाला अटक करता येत नाही, झडती घेता येत नाही, दंड करता येत नाही. रस्त्यात निपचित पडलेल्या माणसाची विचारपूस करणे, नशेत तोल गेलेल्याला सुरक्षित जागी पोहोचवणे, एकट्या राहणाऱ्या वृद्धांची चौकशी करणे, शेजाऱ्यांच्या भांडणात मध्ये पडणे ही त्यांची नित्याची कामे आहेत. घरफोडी, आग, सुरू असलेली मारहाण किंवा कोणाच्या हातातले शस्त्र ही आपली कामे नव्हेत, हे ते स्वतःच सांगतात, आणि ते सांगतात म्हणून माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला.

मी त्यांना पहिल्यांदा बोलावले ते आमच्या जिन्याच्या पायऱ्यांवर बसलेल्या एका वृद्ध बाईंसाठी. रात्रीचे साडेआठ वाजले होते. बाई कोणाशी बोलत नव्हत्या, कोणी जवळ गेले की गाठोडे छातीशी कवटाळून ओरडत होत्या, आणि इमारतीतील मंडळी जिन्यात जमून आता काय करायचे याची मोठ्या आवाजात चर्चा करत होती. पथक अठरा मिनिटांत आले. त्यांच्यातील एकाने आम्हा सगळ्यांना अतिशय नम्रपणे, पण ठामपणे घरात जायला सांगितले. दुसरा बाईंपासून चार हात अंतरावर थांबला, म्हणाला, “आजी, मी इथे बसू का?” आणि उत्तर आले नाही तरी तिथेच उभा राहिला. थोड्या वेळाने बाईंनी मान वळवली, तेव्हा तो त्यांच्याहून दोन पायऱ्या खाली आणि जरा बाजूला बसला. दाराकडे जाणारी वाट त्याने मोकळी ठेवली होती. हे मी वरच्या कठड्यावरून पाहत होते, आणि त्या वेळी मला त्याचा अर्थ कळला नव्हता. पुढे त्याने समजावून सांगितले की घाबरलेल्या माणसाची निघून जायची वाट अडवली की त्याची भीती दुप्पट होते, आणि उभ्या माणसाकडे मान वर करून बोलावे लागले तर तो प्रश्नसुद्धा दरडावल्यासारखा वाटतो.

पहिली दहा मिनिटे त्याने नाव विचारले नाही, पत्ता विचारला नाही, कुठून आलात हेही विचारले नाही. बाईंच्या डाव्या पायातील चपलेचा पट्टा तुटलेला होता आणि तो प्लास्टिकच्या सुतळीने बांधलेला होता. त्याचे लक्ष तिकडे गेले. “पट्टा तुटलाय वाटतं. बघू का जरा?” एवढेच तो म्हणाला. बऱ्याच वेळाने बाईंनी पायानेच चप्पल त्याच्याकडे सरकवली. त्याने सॅकमधील मलमपट्टीची चिकटपट्टी काढली, सुतळी सोडवली, आणि पट्टा जागेवर धरून वरून तीन-चार वेढे दिले. ते काम त्याने मुद्दामच सावकाश केले असावे, कारण ते चालू असतानाच बाई बोलू लागल्या. त्या आधी एका निवाऱ्यात राहत होत्या, तिथे त्यांची पिशवी चोरीला गेली, म्हणून त्या परत तिथे जायला तयार नव्हत्या, आणि आमचा जिना निवडण्याचे कारण एवढेच होते की तिथे दिवा चालू होता. पंचावन्न मिनिटांनी त्या उठल्या आणि पथकाबरोबर जवळच्या रुग्णालयाच्या रात्रभर उघड्या असणाऱ्या प्रतीक्षागृहात गेल्या. निवाऱ्यात त्या गेल्या नाहीतच, आणि पथकाने तसा आग्रहही धरला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच कार्यकर्ता आमच्या दाराशी येऊन विचारून गेला, “आजी रात्री परत आल्या होत्या का?”

काही शेजाऱ्यांना हे सगळे अपुरे वाटले. एक बाई रात्रभर प्रतीक्षागृहात बसल्या, म्हणजे प्रश्न सुटला कुठे, असे त्यांचे म्हणणे होते. मला ते पटत नाही. त्या रात्री कोणी ओरडले नाही, कोणी ओढले नाही, बाईंचे गाठोडे त्यांच्याजवळ राहिले, आणि पुढच्या वेळी त्या याच दोघांशी बोलतील अशी जागा तयार झाली. पुढे तसेच घडले. सहा आठवड्यांनी त्या दुसऱ्या एका लहान निवाऱ्यात राहायला गेल्या, आणि त्या आधी पथकाने त्यांची अकरा वेळा भेट घेतली होती. अकरा भेटी ही संख्या मला त्या कार्यकर्त्याने सांगितली, आणि ती सांगताना त्याला त्यात काही विशेष वाटत नव्हते.

या सेवेच्या पत्रकावर ‘निःशस्त्र’ हा शब्द सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला आहे. माझ्या मते जास्त महत्त्वाच्या दोन गोष्टी त्यावर छापलेल्याच नाहीत, आणि त्या म्हणजे हाताशी असलेला वेळ आणि चेहऱ्याची ओळख. शस्त्र नसल्यामुळे समोरचा माणूस लवकर सावरतो हे खरे आहे, पण शस्त्र नसलेला माणूससुद्धा दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहत असेल तर त्याचा काहीही उपयोग नाही. गस्तीवरील पोलीस शिपायाला पुढचा कॉल वाट पाहत असतो. एका जिन्यावर पंचावन्न मिनिटे बसण्याची त्याला मुभाच नसते. सॅकमधील नॅलॉक्सोनचेही तसेच आहे. अफूजन्य औषधांच्या अतिसेवनाने श्वास मंदावलेल्या माणसाला तो फवारा दोन-तीन मिनिटांत शुद्धीवर आणू शकतो. परंतु त्याचा परिणाम साधारण ३० ते ९० मिनिटेच टिकतो आणि शरीरातील अमली पदार्थ त्याहून जास्त वेळ राहू शकतो, म्हणून माणूस उठून बसला तरी रुग्णवाहिकेला बोलवावे लागते आणि कोणीतरी त्याच्याजवळ थांबावे लागते. फवारा मारणे कोणालाही शिकता येते. थांबायला मात्र कोणीतरी मोकळे असावे लागते.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील ऑरेगन राज्यातल्या युजीन शहरात व्हाइट बर्ड क्लिनिक या संस्थेने १९८९ मध्ये ‘कहूट्स’ नावाची सेवा सुरू केली. एका पांढऱ्या व्हॅनमध्ये एक वैद्यकीय मदतनीस आणि एक संकटकाळी बोलणारा कार्यकर्ता अशी जोडी असे, आणि आज बहुतेक ठिकाणी दिसणारी दोघांची रचना पुष्कळशी तिच्यावरूनच घेतलेली आहे. लंडनच्या ब्रिक्स्टन भागात २००३ मध्ये लेस आयझॅक यांनी ‘स्ट्रीट पास्टर्स’ हा चर्चमधील स्वयंसेवकांचा उपक्रम सुरू केला. ही मंडळी बहुधा शुक्रवार-शनिवारच्या रात्री उशिरापर्यंत रस्त्यावर फिरतात, फुटलेल्या बाटल्यांच्या काचा गोळा करतात आणि उंच टाचांचे बूट हातात घेऊन अनवाणी चालणाऱ्या तरुणींना रबरी चपला देतात. आमच्या जिन्यावर तुटलेला पट्टा चिकटपट्टीने जोडताना पाहिला, तेव्हा मला या चपलांची आठवण झाली. पायात काहीतरी घालायला दिले की माणूस बोलू लागतो, हे त्या लोकांना फार पूर्वी उमगलेले दिसते.

‘पण त्यांच्या अंगावर कोणी धावून आले तर?’ हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला जातो, आणि तो रास्त आहे. युजीनमध्ये २०१९ साली पथकाने पोलिसांची कुमक मागितल्याचे प्रसंग एकूण कॉलच्या शेकडा दोनपेक्षाही कमी होते. हा आकडा दिलासा देणारा आहे, मात्र तो वाचताना हेही लक्षात ठेवायला हवे की धोकादायक वाटणारे कॉल मुळात त्यांच्याकडे पाठवलेच जात नव्हते. आमच्याकडील पथक एकदा माझ्या देखत मागे फिरले. दोन भावांच्या भांडणात एकाने बाटली फोडून हातात घेतली, त्याच क्षणी दोघेही पथकातले उलट पावली रस्त्याच्या पलीकडे गेले, जमलेल्या मुलांना त्यांनी बरोबर नेले आणि वॉकी-टॉकीवरून पोलिसांना बोलावले. काही जण त्यांना भित्रे म्हणाले. मला मात्र त्यांचे वागणे योग्य वाटले, कारण कुठे थांबायचे हे ज्याला कळते त्यालाच अशा ठिकाणी पाठवावे.

परिणामांविषयी बोलायचे तर सर्वांत नीट तपासलेला दाखला अमेरिकेतील डेन्व्हर शहराचा आहे. तिथे जून २०२० मध्ये ‘स्टार’ नावाने एक व्हॅन सुरू झाली, तिच्यात मानसिक आरोग्याची तज्ज्ञ व्यक्ती आणि पॅरामेडिक असत. पहिल्या सहा महिन्यांत त्यांनी ७४८ कॉल हाताळले आणि त्यांपैकी एकातही अटक झाली नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील थॉमस डी आणि जेम्स पाइन या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, ज्या भागांत ही सेवा होती तिथे किरकोळ स्वरूपाच्या गुन्ह्यांच्या नोंदी ३४ टक्क्यांनी कमी झाल्या. गंभीर, हिंसक गुन्ह्यांवर मात्र परिणाम दिसला नाही, ना वाढ ना घट. आमच्या वस्तीतही मला नेमके हेच जाणवते. पथक आल्यामुळे चोऱ्या थांबतील असे ज्यांना वाटले होते त्यांची निराशा झाली. रात्रीची आरडाओरड, दारात झोपलेल्या माणसावरून होणारी भांडणे, पोलिसांची गाडी आल्यावर जमणारी गर्दी हे मात्र कमी झाले, आणि वस्तीत राहणाऱ्यांच्या मनःशांतीच्या दृष्टीने ती काही लहान गोष्ट नाही.

आता तक्रारीकडे वळते. माझी मुख्य तक्रार पथकाविषयी नाही, त्यांच्यापर्यंत पोहोचणाऱ्या फोनविषयी आहे. एका संध्याकाळी आमच्या गल्लीत विशी-बाविशीचा एक मुलगा विजेच्या खांबाभोवती फेऱ्या मारत होता, स्वतःशी बोलत होता आणि मधूनमधून कपाळ खांबावर हलके आपटत होता. मी फोन केला. पलीकडून विचारले गेले, “त्याच्या हातात काही आहे का?” मी खरे तेच सांगितले, “काहीतरी चमकतंय, पण नीट दिसत नाही.” पुढे एकही प्रश्न आला नाही. ‘शस्त्र असण्याची शक्यता’ अशी नोंद झाली आणि पथकाऐवजी पोलिसांच्या दोन गाड्या सायरन वाजवत आल्या. मुलगा घाबरून पळाला, गटाराच्या कडेला अडखळून पडला आणि त्याचा हात कोपरापासून सोलवटला. मुठीत किल्ल्यांचा जुडगा होता. आलेल्या पोलिसांनी त्याला मारले नाही की शिवीगाळ केली नाही, हे मी आवर्जून नमूद करते. पण त्याचे थरथरणे मी विसरू शकत नाही. पथक त्या वेळी दोन गल्ल्या पलीकडे मोकळे उभे होते, हे मला दुसऱ्या दिवशी कळले.

हे फोन घेणाऱ्या नियंत्रण कक्षाकडे मी लेखी विचारणा केली तेव्हा उत्तर आले की शंका असेल तर पोलीस पाठवायचे, असा नियम आहे. नियमामागची काळजी मला समजते. तरीही फोन घेणाऱ्या व्यक्तीने आणखी दोनच प्रश्न विचारले असते, ती वस्तू तो कोणावर उगारतो आहे का आणि त्याच्या आसपास कोणी आहे का, तर उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे मिळाले असते. ही अडचण फक्त आमच्याकडची नाही. न्यूयॉर्क शहराने २०२१ मध्ये हार्लेममधून सुरू केलेल्या ‘बी-हर्ड’ या सेवेचा लेखापरीक्षण अहवाल २०२५ मध्ये आला, तेव्हा त्या भागातील मानसिक आरोग्याच्या कॉलपैकी ६० टक्के कॉल सेवेसाठी अपात्र ठरवले गेल्याचे दिसले, आणि पात्र ठरलेल्यांपैकीही एकतृतीयांशाहून अधिक ठिकाणी पथक पोहोचलेच नव्हते. व्हॅन कितीही सुसज्ज असली तरी कॉल तिच्यापर्यंत आला नाही तर ती रस्त्याच्या कडेला उभीच राहणार.

कॅनडातील टोरांटो शहराने यावर एक मार्ग काढला. तिथे २०२२ मध्ये सुरू झालेल्या सेवेला २११ या वेगळ्या क्रमांकावरूनही बोलावता येते, म्हणजे पोलिसांचा क्रमांक फिरवायची ज्यांना भीती वाटते त्यांनाही दार उघडे राहते. अमेरिकेतील अल्बुकर्की शहराने तर त्याच्याही पुढे जाऊन पोलीस आणि अग्निशमन यांच्या बरोबरीचे तिसरे स्वतंत्र खातेच उभे केले आणि त्या खात्याची माणसे २०२१ पासून कॉलवर जाऊ लागली. मला ही दुसरी रचना अधिक भक्कम वाटते. खात्याला स्वतःचा प्रमुख असतो, अंदाजपत्रकात स्वतःची ओळ असते आणि नियंत्रण कक्षाशी बोलताना त्याला कोणाच्या मागे उभे राहावे लागत नाही. आमच्याकडील पथक मात्र एका संस्थेच्या मार्फत वर्षावर्षाच्या कंत्राटावर चालते.

त्या कंत्राटाने काय होते हे आम्ही दहाव्या महिन्यात पाहिले. नूतनीकरणाची कागदपत्रे अडकली, पाच आठवडे सेवा बंद राहिली, आणि पुन्हा सुरू झाली तेव्हा जुन्या सहा जणांपैकी चौघे दुसरीकडे नोकरीला लागले होते. नवे कार्यकर्ते मनापासून काम करणारे आहेत, त्यांच्याविषयी माझी काडीचीही तक्रार नाही. पण चौकातील बाकावर दुपारी बसणारे एक गृहस्थ, जे जुन्या जोडीच्या हातून रोज रक्तदाबाची गोळी घेत, त्यांनी नव्या जोडीकडे तीन आठवडे पाहिलेसुद्धा नाही. शेवटी नव्यांपैकी एकीने त्यांच्या शेजारी रोज पंधरा मिनिटे, काही न बोलता, नुसते बसायला सुरुवात केली. आता ते गोळी घेतात. मधल्या काळात त्यांना एकदा रुग्णालयात न्यावे लागले. ओळखीला वेळ लागतो आणि ती कागदावर एका माणसाकडून दुसऱ्याकडे सोपवता येत नाही, हे ज्यांनी निविदा काढली त्यांना कोणीतरी समजावून सांगायला हवे होते. युजीनची गोष्टही इथे आठवते. पस्तीस वर्षांहून अधिक काळ चाललेली आणि सगळ्या जगाला नमुना ठरलेली ती सेवा पैशांच्या अडचणीमुळे एप्रिल २०२५ मध्ये त्या शहरात बंद झाली. तिचा हिशेबही वादात सापडला होता. शहरातील १७ टक्के कॉल हे पथक हाताळते असे सांगितले जाई, तर पोलीस खात्याच्या विश्लेषणानुसार खरोखर पोलिसांऐवजी गेलेले कॉल ५ ते ८ टक्केच होते. मला वाटते, अशा सेवेने आपली किंमत केवळ ‘पोलिसांचे किती कॉल वाचले’ या मापाने सांगू नये. बाकावरील गृहस्थांसाठी पोलिसांना कोणी कधी फोन केलाच नसता.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे आवश्यक आहे. सातव्या महिन्याच्या सुमारास परिसरात एक मोठा कार्यक्रम होता आणि त्याच्या आदल्या आठवड्यात पथकाला पदपथावर झोपणाऱ्यांना ‘दुसरीकडे जायला प्रवृत्त करा’ असे सांगण्यात आले. कोणी सांगितले ते मी इथे लिहीत नाही. पथकातील लोकांनी ते काम खालच्या मानेने केले. चार दिवस त्यांच्या जॅकेटकडे पाहून माणसे उठून जाऊ लागली, आणि जी विचारपूस एरवी हक्काची वाटे तिची भीती वाटू लागली. ही चूक पुन्हा झाली तर सेवा बंद केलेली बरी, इतके माझे मत याबाबत कडक आहे. दुकानदारांच्या तक्रारी खऱ्या असतात, दारात घाण होते, गिऱ्हाईक बिचकते, हे मी नाकारत नाही. परंतु माणसांना हुसकून लावायचे काम आणि त्यांच्याजवळ बसायचे काम एकाच जॅकेटात करता येत नाही.

शेजाऱ्यांच्या भांडणांत मात्र पथकाचा उपयोग माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त झाला. वरच्या मजल्यावर रात्री फर्निचर सरकवल्याचा आवाज येतो, म्हणून आमच्याकडे दोन कुटुंबांत आठ महिने धुसफुस चालू होती आणि दोनदा पोलीस येऊन दोघांनाही तंबी देऊन गेले होते. पथकाने दोन्ही घरांत वेगवेगळे बसून ऐकून घेतले. वरच्या घरात अंथरुणाला खिळलेले वडील होते, त्यांची कूस बदलण्यासाठी पलंग ओढावा लागे, आणि ही गोष्ट खालच्यांना कोणी सांगितलीच नव्हती. पलंगाच्या पायांना रबरी टोप्या बसवल्या गेल्या. अमेरिकेतील डेटन शहरात २०२२ पासून अशा भांडणांसाठी मध्यस्थीचे वेगळे पथकच आहे, आणि त्याची गरज मला आता पटली आहे. कोण चुकले हे ठरवायला आलेल्या माणसापुढे दोन्ही बाजू आपापली तक्रार वाढवून सांगतात. ऐकायला आलेल्या माणसापुढे वडिलांचे आजारपण बाहेर येते.

वेळेबाबत सांगायचे तर पथक सकाळी आठ ते रात्री दहापर्यंत असते, आणि ही या सेवेची दुसरी मोठी उणीव आहे. माझ्या पाच फोनपैकी एक रात्री सव्वाअकराचा होता, त्याला अर्थातच कोणी आले नाही. माणसाचे मन रात्री जास्त बिघडते, थंडी रात्री जास्त वाजते, आणि घरातून बाहेर काढलेली माणसे बहुतेक रात्रीच रस्त्यावर येतात. उरलेल्या चार फोनपैकी एक वर सांगितल्याप्रमाणे पोलिसांकडे वळला. बाकी तीन वेळा पथक अनुक्रमे अठरा, एकोणतीस आणि बावन्न मिनिटांत पोहोचले. बावन्न मिनिटे ही फार झाली. त्या दिवशी संपूर्ण विभागात एकच जोडी कामावर होती.

तुमच्या वस्तीत ही सेवा येणार असेल तर माणसे कुठली आहेत हे आधी विचारा. समाजशास्त्रज्ञ पॅट्रिक शार्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अमेरिकेतील २६४ शहरांच्या वीस वर्षांच्या माहितीवरून असे दाखवले की, दर १ लाख लोकसंख्येमागे गुन्हे रोखण्यासाठी आणि वस्तीचे जीवन सुधारण्यासाठी झटणाऱ्या १० स्थानिक संस्था वाढल्या की खुनांचे प्रमाण ९ टक्क्यांनी कमी झाले. म्हणून बाहेरून आणलेल्या अनुभवी माणसाइतकाच गल्लीबोळ ठाऊक असलेला इथला माणूसही पथकात असावा, असा आग्रह धरावा. पगार किती आणि कंत्राट किती वर्षांचे, हे विचारायला संकोच करू नये. तीन वर्षांपेक्षा कमी मुदतीत ओळख रुजत नाही. पोलिसांना किंवा कार्यक्रमांच्या आयोजकांना पथकाला जागा मोकळ्या करण्याचे काम सांगता येणार नाही, ही अट करारातच लिहून घ्यावी.

आणि फोन करताना घाईने अंदाज सांगू नये. आपल्याला काय वाटते त्यापेक्षा माणूस काय करतो आहे ते सांगावे: बसला आहे की फिरतो आहे, एकटा आहे की सोबत कोणी आहे, कोणाच्या अंगावर जातो आहे का, हातातील वस्तू ओळखू येत असेल तर तिचे नाव, आणि येत नसेल तर तो ती कशी धरून आहे. किल्ल्यांच्या जुडग्याच्या त्या संध्याकाळी मी ‘चमकतंय’ म्हणण्याआधी खिडकी उघडून नीट पाहिले असते, तर त्या मुलाचा हात सोलवटला नसता, याची बोचणी मला अजून आहे. पथकाला नावाने बोलवा, म्हणजे ‘निःशस्त्र पथक पाठवा’ असे स्पष्ट शब्दांत सांगा. तसे सांगितले नाही तर फोन घेणाऱ्याच्या ते ध्यानातही येत नाही, असा माझा दोनदा अनुभव आहे.

रात्रीची पाळी सुरू करावी, नियंत्रण कक्षातील कर्मचाऱ्यांना महिन्यातून एक दिवस पथकाबरोबर फिरायला पाठवावे आणि कंत्राट तीन वर्षांचे करावे, असे निवेदन आम्ही एकशे बारा रहिवाशांच्या सह्यांनी गेल्या महिन्यात दिले आहे. चपलेच्या पट्ट्याला चिकटपट्टी लावून घेणाऱ्या आजींनीही त्यावर अंगठा उठवला. निवेदनाची पोच मिळाली आहे, उत्तर अद्याप आलेले नाही.